मांजर नसलेलं घर

४ फेब्रुवारी

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायचं तर दोन्ही हात लागतात. तेवढे तरी कष्ट तुला माझ्यामुळे पडू देत.

तुम्ही जाऊन महिना होऊन गेला. तुमच्या खोलीतली कपाटं मी आतून पुसून घेतली. ढब्बूचा पलंग होता तिथेच आहे आणि त्यावरची चादर मी दर आठवड्याला बदलते. रिकाम्या पलंगाची चादर कशाला बदलायची, असं तू मनात म्हणशील. म्हण.

लेकाचा रविवारी फोन येतो. ‘आई, बरी आहेस ना’ आणि ‘जेवलीस ना’ ह्यापुढे त्याची गाडी जात नाही. ढब्बूचा श्वास कसा आहे विचारलं तर म्हणतो, मस्त. तीन वर्षांची पोर, दम्यापायी कितीदा तरी हॉस्पिटलात ऑक्सिजन लावून झालेली, आणि ह्याचं उत्तर मस्त. माझ्या कामावर एखाद्या बापाने असं उत्तर दिलं, तर मी पेन खाली ठेवते आणि त्याच्याकडे नुसती बघत बसते. मग बोलतो तो नीट. फोनवर तसं बघता येत नाही.

शेजारी सगळ्यांना मी सांगितलंय की तुझ्या माहेरच्या गावची हवा कोरडी, उंचावरची, म्हणून लेकाने बदली मागून घेतली. हे काही खोटं नाही. पण हॉस्पिटलच्या जिन्यात आपलं जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस. काय बोलले मी असं? ‘चार महिने तरी अंगावर पाजलं असतंस तर ही वेळ आली नसती.’ एवढंच ना? मी काही मनचं बोलले नव्हते. घरोघरी जाऊन मी आयांना हाच प्रश्न विचारते, किती महिने पाजलं. छापील प्रश्न आहे तो. त्यात काही तथ्य असल्याशिवाय शिकलीसवरलेली माणसं तो छापतील का? तुला लागायला नको होतं.

नवीन नवीन होतीस तेव्हा तू मला विचारलं होतंस, आई, तुम्ही लोकांच्या गाद्या झाडायला जाता का. मी तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. आता सांगते नीट. शहरातल्या काहीशे मुलांच्या मागे आम्ही ती जन्मल्यापासून आहोत. सात वर्षांची होईपर्यंत दर वर्षी त्यांच्या घरी जायचं. बाळाच्या गादीवर पत्र्याची चौकट ठेवायची आणि तेवढ्याच जागेतली धूळ यंत्राने ओढून घ्यायची. आईला विचारायचं, घरात सिगरेट कोण ओढतं, भिंतीला ओल आहे का, कुत्रं-मांजर आहे का, बाळाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का. कुणाला पुढे दमा होतो, कुणाला नाही, आणि त्याची मुळं पहिल्या दिवसांत कुठे सापडतात का, ते बघायचं. आणि ह्या कामाचा पहिला नियम म्हणजे कुणाला काही सांगायचं नाही. सल्ला दिला की आई सवयी बदलणार, मग आपण नेमकं काय बघितलं? म्हणून ओली भिंत दिसली तरी गप्प, बाळाशेजारी राखेची वाटी दिसली तरी गप्प. दिवसभर तोंडाला कुलूप लावून घरी येणाऱ्या बाईचं कुलूप घरी आल्यावरच उघडतं. ते तुझ्यासमोर उघडायचं, त्याला मी काय करू?

सोबत ढब्बूसाठी स्वेटर आहे. पिवळा. संध्याकाळी माझ्या खुर्चीत बसून विणला. बाह्या जरा लांब ठेवल्यात, पुढच्या वर्षीही होईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला पंधरा दिवस माझ्याकडे पाठव. तुला यायचं नसेल तर नको येऊस, लेक आणून सोडेल. मला दुसरं काही नको.

तुझी सासू


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

स्वेटर पोचला. म्हणजे परत पोचला.

‘घातल्यावर तासाभरात खोकला सुरू झाला, छाती वाजायला लागली. परत पाठवते आहे.’ बस. ना मायना, ना सही. दुकानदार सुद्धा माल परत करताना ह्यापेक्षा बरं लिहितो. लोकर मी विणण्याआधी तीन पाण्यांतून काढली होती. तिला लोकर चालत नाही असं म्हणावं, तर तुझ्या आईने दिलेलं लोकरीचं टोपडं घालूनच ती तुमच्याबरोबर गाडीत बसली होती. ते बरं चाललं. माझंच नेमकं चालत नाही.

रागाच्या भरात मी पडदे काढून धुतले. पलंग ओढून मागची भिंत पुसली. तुझ्या सासऱ्यांची पुस्तकं गच्चीवर नेऊन एकेक झटकली. आपलं घर कसं असतं ते तुला ठाऊक आहे. जमिनीवर भात सांडला तर वेचून खाता येईल, असं तुझे सासरे म्हणायचे, आणि ते काही माझं कौतुक करणारे नव्हते.

तरी तुझ्या मनात आहे की ह्या घरातच काहीतरी आहे. लेक बोलता बोलता बोलून गेला परवा. ‘आई, ती इथे बरी आहे, तिथे आली की धाप लागते, आता आम्ही काय समजायचं?’ मी त्याला म्हटलं, काय समजायचं ते मी तुला कागदावर आणून देते.

झालंय असं की आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना तुलनेसाठी काही घरं हवी आहेत. जनावर नाही, ओल नाही, सिगरेट नाही अशी. त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं आणि मी शाळेतल्या पोरीसारखा हात वर केला. आमच्याकडची शिंकाबाई खुदकन हसली. (तिचं खरं नाव वेगळं आहे. मांजर दिसलं की शिंकायला लागते म्हणून हे पडलं.) हसू दे. आपल्या घराची धूळ लॅबमध्ये जाणार, तिच्यात काहीही निघणार नाही, आणि तो कागद मी तुला पाठवणार. मग सुट्टीचं बोलू.

धूळ घ्यायला शिंकाबाईच आली. ढब्बूच्या पलंगावरून घेतली, तुमच्या गादीवरून घेतली आणि बैठकीतल्या माझ्या खुर्चीवरून घेतली. यंत्राच्या तोंडातल्या फडक्यात जेमतेम चिमूटभर आली. ती म्हणाली, ताई, तुमच्याकडे धूळ मिळवायची म्हणजे भीक मागण्यासारखं आहे. मला फार बरं वाटलं.

स्वेटर मी ठेवून दिलाय.

सासू


११ मार्च

सूनबाई,

तू ह्याही वेळी उत्तर पाठवलं नाहीस. मी वाट बघत नव्हते.

आज एका जुळ्यांच्या घरी जाऊन आले. दोन्ही पाळण्यांत मिळून तीन जीव, त्यातला एक मांजराचा. केवढं मोठं धूड, पांढरं, आणि बाळाच्या पायाशी असं पसरलेलं की आधी मला दुलईच वाटली. मांजरवाली घरं सगळी माझ्याकडे येतात, शिंकाबाईला तिथे जाताच येत नाही. मांजरांना मी आवडते, का कोण जाणे. मी प्रश्न विचारत बसले की मांडीवर येऊन बसतात. हाकलायचं तर घरच्यांना वाईट वाटतं, म्हणून बसू देते.

ती आई बिचारी रडकुंडीला आलेली. सासूबाई म्हणतात मांजर काढ, नवरा म्हणतो राहू दे, तुम्ही तरी सांगा ताई, चांगलं की वाईट? माझ्या जिभेवर आलं होतं. पण एक तर नियम, आणि दुसरं म्हणजे खरंच कुणाला ठाम माहीत नाही. काही घरांत लहानपणापासून मांजर असलेली मुलं ठणठणीत निघतात, काही घरांत तीच मुलं धापा टाकतात. मी तिला म्हटलं, आम्ही फक्त विचारतो हो. ती म्हणाली, सगळे फक्त विचारतातच. मग मी यंत्र सुरू केलं, त्याच्या आवाजात पुढचं बोलणं टळलं.

घरी यायला साडेसहा वाजतात. पूर्वी जिन्यात माझी चाहूल लागली की आतून ढब्बूच्या पायांचा आवाज यायचा. आता मी किल्ली शोधते तेवढाच काय तो आवाज. घर खायला उठतं म्हणतात, ते मला कधी कळलं नव्हतं. तुझे सासरे गेले तेव्हा घरात तुम्ही होतात. आता चहा करते आणि खुर्चीत बसते, बसल्या बसल्या अंधार पडतो, दिवा लावायला उठावंसं वाटत नाही. रविवारी मात्र वेळ जातो. कामाचा निळा कोट धुवायचा असतो. तो खरं तर आमच्या कामाच्या केंद्रावरच टाकून यायचा असा नियम आहे, पण तिथल्या लॉन्ड्रीचं धुणं मी एकदा पाहिलं आणि कानाला खडा लावला. कॉलरची मळकी रेघ तशीच. इतकी वर्षं मी माझा कोट घरी आणते आणि स्वतःच्या हाताने धुते. ह्या एका बाबतीत मी कुणाचं ऐकलेलं नाही.

हे सगळं तुला कशाला सांगते आहे? काल लेकाने सांगितलं की तिथल्या डॉक्टरांनी ढब्बूच्या हातावर थेंब टाकून, सुई टोचून तपासणी केली, आणि सगळ्या थेंबांत मांजराच्या थेंबाचीच गांधी उठली, चांगली पावलीएवढी. तो हसत होता. ‘मांजर! आपल्या सात पिढ्यांत कुणी मांजर पाळलं नाही.’ मीही हसले. त्या डॉक्टरांना म्हणावं, थेंबांच्या बाटल्या बघून घ्या. नाहीतर तुझ्या माहेरी शेजारीपाजारी असेल एखादं, खिडकीतून येत असेल. नीट डोळ्यांत तेल घालून बघ.

आपल्या घराचा कागद अजून आलेला नाही. लॅबमध्ये गर्दी आहे म्हणतात.

सासू


२ एप्रिल

सूनबाई,

बातमी कळली. तुला चौथा महिना लागलाय आणि ती गोष्ट मला नवऱ्याकरवी कळवावीशी वाटली, हेही काही कमी नाही. मी फार खूश आहे. हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं, प्रत्येक वेळी ते कार्डावर छापल्यासारखं वाटलं. पण खूश आहे.

लेकाने आणखी एक सांगितलं. सांगू नकोस असं तू त्याला बजावलं होतंस, पण तो लहानपणापासून पोटात काही ठेवू शकत नाही. तू म्हणे सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडत बसतेस. हे बाळ नको असं म्हणालीस. ढब्बूच्या वेळी दूध आलं नाही ते माझ्याच अंगाचं वैगुण्य, ह्या वेळीही येणार नाही, आणि हेही पोर आयुष्यभर छातीला पंप लावून फिरेल, माझ्यामुळे. असं.

मी त्याला म्हटलं, वेडी आहे, असं काही नसतं. तो म्हणाला, ‘आई, हे तिच्या डोक्यात घातलं कुणी?’

आवाज चढवला नव्हता त्याने. मी म्हटलं, दारावर कुणीतरी आलंय, आणि फोन ठेवला. दारावर कुणी नव्हतं.

नीट खा. रडू नकोस. दोन्ही गोष्टी माझ्या सांगण्याने व्हायच्या नाहीत, ते मला कळतं.

तुझी सासू


१७ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र तरी शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडावंसं वाटलं तरी वाच, मग फाड.

आपल्या घराच्या धुळीचा निकाल आला. लॅबवाले गृहस्थ मला जिन्यात भेटले आणि म्हणाले, ‘ताई, मांजर कधी पाळलंत? सांगितलं नाहीत.’ मला वाटलं चेष्टा करतात. त्यांनी आत नेऊन धुळीत मांजराच्या अंगचं किती निघालं त्याचे आकडे दाखवले. तुमच्या गादीवर थोडं. ढब्बूच्या पलंगावर त्याहून जास्त. आणि माझ्या खुर्चीत इतकं, की घरात मांजर असलेल्या कितीतरी घरांत तेवढं नसतं. मी म्हटलं, चूक आहे. ते म्हणाले, असेलही, नमुना बदलला असेल, तुमचं घर काढून टाकतो आणि दुसरं घेतो, कशाला डोक्याला ताप. भला माणूस आहे. त्याने खरंच काढून टाकलं असतं, आणि ही गोष्ट तिथेच संपली असती.

मी हो म्हणणार होते. तुला खरं सांगते, तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात शिंकाबाई आत आली, माझ्या खांद्याला खांदा लावून आकडे बघायला लागली आणि शिंकायला लागली. लॅबमध्ये कसलं आलंय मांजर? ती सरकून लांब उभी राहिली, नाक पुसत म्हणाली, ‘ताई, तुमच्या कोटाजवळ आलं की मला नेहमीच होतं हे. तुम्हाला राग येईल म्हणून बोलले नाही.’

मी तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी कोट काढायला लावला, त्यावरून यंत्र फिरवलं. निकालाची वाट बघण्याचं खरं तर कारण नव्हतं, मला आधीच कळून चुकलं होतं. मांजराच्या अंगचं ते इतकं बारीक असतं की डोळ्यांना दिसत नाही, कपड्याला चिकटतं आणि कपडा जाईल तिथे जातं. म्हणून तर कोट केंद्रावर ठेवायचा नियम. तो नियम आम्हाला पहिल्या दिवशी शिकवला होता. मला वाटलं, तो गबाळ्या लोकांसाठी आहे.

आता मी सांगते तसं तू डोळ्यांपुढे आण. मी दिवसभर मांजरं मांडीवर घेऊन बसते. संध्याकाळी तोच कोट घालून घरी येते. ढब्बू दारातच माझ्या पायांना मिठी मारते. मी खुर्चीत बसते, ती मांडीवर चढते आणि माझ्या कोटात तोंड खुपसून दिवसभराचं सगळं सांगते. तिला तिथेच झोप लागायची, तुला आठवतं ना? मी तिला उचलून पलंगावर ठेवायची. तासा-दोन तासांनी शिट्टी सुरू व्हायची. आणि मग मी तुला विचारत सुटायची, आज काय खायला घातलंस, खिडकी का उघडली होतीस, फरशी कशाने पुसलीस. रविवारी कोट धुतला तरी सोमवारी पुन्हा होतंच, आणि खुर्ची काही कुणी धूत नाही. तिच्यावर बसूनच मी स्वेटर विणला.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दोन महिने घरात होते. त्या दिवसांत तिची छाती पुष्कळ शांत होती. आठवतंय मी काय म्हणाले होते? ‘बघितलंस, मी घरी असले की कसं सगळं ठीक असतं.’ तू भांडी घासत होतीस.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, म्हणजे पोरीला दमा मी दिला का? त्या शब्द मोजून बोलतात. म्हणाल्या, ‘तिच्या अंगात कल होता. तो कशाने आला हे मला सांगता येत नाही, येत असतं तर हा अभ्यास केलाच नसता. पण तुमच्या घरात तिला धाप लागायची ती बहुतेक ह्याने.’ मग मी दुधाचं विचारलं. चार महिने पाजलं असतं तर? त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘दुधावरून एखाद्या आईकडे बोट दाखवता येईल असं आपल्याकडे काहीही नाही. आपण तो प्रश्न विचारतो, कारण आपल्याला उत्तर माहीत नाही.’

इतकी वर्षं तो प्रश्न मी विचारला आणि मला वाटत राहिलं की छापलाय म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे.

सूनबाई, तुझ्या दुधाने काही झालेलं नाही. तुझ्या अंगात काही वैगुण्य नाही. डबा उघडलास, बाटली उकळलीस, पोर वाढवलीस, ह्यात तुझी काहीही चूक नाही. जिन्यात मी बोलले ते खोटं होतं, आणि नुसतं खोटं नाही, ते बोलताना माझ्या अंगावर तोच कोट होता. मी हॉस्पिटलात कामावरून तशीच आले होते. तू रडत होतीस आणि मी ढब्बूच्या उशाशी जाऊन बसले होते.

हे लेकाला मी सांगितलेलं नाही. तू वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. मला ठाऊक आहे की हे कळल्यावर सुट्टीत तिला इथे पाठवणं तर सोडाच, तुम्ही मला दारात उभं करायचं की नाही ह्याचाही विचार कराल. मला तुम्ही सगळे हवे आहात. पण तू रोज नळ सोडून रडावंस आणि मी इथे गप्प बसून हवं ते मिळवावं, हे मला जमणार नाही.

आई


१२ मे

सूनबाई,

तुझं पत्र आलं. चौकीदाराने हातात दिलं, मी जिन्यातच फोडलं.

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहिते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुला बघता येईल. ‘आई, पत्र वाचून मी खूप वेळ रडले, पण ह्या वेळचं रडणं वेगळं होतं. ढब्बूचा दुधाचा डबा उघडताना दर वेळी मला तुमचा आवाज ऐकू यायचा. ती ताटात जेवायला लागली तरी यायचाच. तुमचा कोट तुम्हाला माहीत नव्हता, त्याचा राग मला येत नाही. आवाजाचा येतो. म्हणून ह्या बाळंतपणाला तुम्ही येऊ नका. ढब्बूलाही इतक्यात पाठवणार नाही. मला एकदा कुणी बघत नसताना आई होऊन बघायचं आहे.’

कळलं. येणार नाही.

इथलं थोडं सांगते. कोट आता केंद्रावर राहतो. लॉन्ड्री अजून तशीच आहे, कॉलर मळकीच असते, मी तोच घालते. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची बैठक घेऊन माझी गोष्ट सांगितली, नाव न घेता, पण सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. खुर्ची भंगारवाल्याला दिली. घरातलं कापडाचं होतं नव्हतं ते सगळं काढलं. आता बोललं की बैठकीत आवाज घुमतो, म्हणजे लेकाशी फोनवर बोलते तेव्हा. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसते. गुडघा दुखतो, पण तिथून रस्ता दिसतो.

जुळ्यांच्या आईकडे परत जाऊन आले. तिने मांजर ठेवलंय. मी काही बोलले नाही, आणि ह्या वेळी न बोलणं अजिबात जड गेलं नाही.

उलट्या थांबल्या का, एवढं विचारणार होते. मग त्याच्यापुढे आणखी दोन ओळी आपोआप लिहून झाल्या. त्या खोडल्यात. काय होत्या ते विचारू नकोस.

आई


८ ऑक्टोबर

सूनबाई,

काल फोनवर जे झालं ते बरोबर झालं की चूक, मला समजत नाही, म्हणून लिहिते आहे.

लेकाचा फोन आला तेव्हा मी एका घरी होते, गादीवर चौकट ठेवत होते. मुलगा झाला, दोघं सुखरूप, असं त्याने सांगितलं आणि मी त्या अनोळखी बाईच्या पलंगावर बसून रडले. तिने मला पाणी दिलं. कामावर असं कधी झालं नव्हतं. मग तुम्ही हॉस्पिटलातून घरी आलात, आणि मी दिवस ढकलत राहिले. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं, ते मी पाळलं.

काल त्यानेच केला. पाठीमागे तुमचं घर ऐकू येत होतं. ढब्बू कुणावर तरी खेकसत होती, बहुतेक बाहुलीवर, अगदी माझ्या आवाजात. मला आधी हसू आलं, मग ते विरलं. तेवढ्यात तू त्याला म्हणालीस, मला स्पष्ट ऐकू आलं, ‘त्यांना सांग, डब्याचं दूध देते आहे.’

तो गडबडला. म्हणाला, ‘आई, ती म्हणते की...’

मी म्हटलं, ‘ऐकलं. छान.’

त्यानंतर माझ्या तोंडात एक शब्दही नव्हता, सूनबाई. मी गिळला वगैरे नाही. खरंच नव्हता.

मग फोन खरखरला, आणि मला कळलं की आता तो तुझ्याकडे आहे. तू काही बोलली नाहीस. मीही नाही. बाळ पीत होतं, घटाघटा, मध्ये एकदा सुस्कारा टाकून पुन्हा प्यायला लागलं. ढब्बू जवळ आली असावी, ती विचारत होती, कोण आहे, कोण आहे. तू तिला म्हणालीस, ‘आजी आहे. ऐकते आहे.’

बाटली संपेपर्यंत मी ऐकत राहिले. एका हातात बाळ, एका हातात बाटली आणि फोन खांद्याला, तुझी मान अवघडली असेल. म्हणून मीच ठेवला.

आई